पावसाळी घाटाआधी एवढं करून बघा

पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन पावसात ताम्हिणी उतरणार, मस्तच! घाबरू नका. सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या करा.

सगळ्यात आधी ब्रेक. जो गिअर चढायला लागतो, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही. पाय सतत ब्रेकवर राहिला की ते तापतात आणि ऐन वळणावर नीट धरत नाहीत. करपल्यासारखा वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, गार होऊ द्या. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरतं, ते एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम. नवखे इथेच दचकून पाय उचलतात. उचलू नका, दाबूनच ठेवा आणि स्टिअरिंगने गाडी वाचवा.

काचेवर वाफ धरली तर फडक्याने पुसत बसू नका. एसी चालू, झोत पुढच्या काचेवर, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद.

टोइंगचा, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा हूक बहुधा डिकीत जॅकजवळ असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आजच घरी आवळून बघा. भर पावसात शोधायला लागला तर फार हाल होतात. गाडी ओढून नेताना लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. ऑटोमॅटिक असेल तर दोरीने ओढूच नका, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा.