सगळ्या पेशींत जनुकं तीच, मग गोलकृमीतली ठरावीक पेशीच स्पर्श ओळखणारी चेतापेशी कशी होते?

तुमच्या प्रश्नाचं एका ओळीतलं उत्तर म्हणजे जनुकं तीच असतात, पण कुठली चालू ठेवायची हे पेशीगणिक बदलतं. एवढ्यावर माझंही कधी समाधान झालं नव्हतं, म्हणून जरा आत शिरतो.

सी. एलेगन्स या मिलिमीटरभराच्या पारदर्शक कृमीवर मी काही काळ काम केलंय. त्याच्या उभयलिंगी प्रकारात चेतापेशी मोजून 302. त्यांतल्या 6 हलका स्पर्श ओळखतात. तपासायची रीत साधी आहे: काडीला भुवईचा केस चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत अलगद टेकवायचा. डोक्याकडे टेकवला की कृमी मागे सरकतो, शेपटीकडे टेकवला की पुढे पळतो. मेक-3 हे जनुक बिघडलेला कृमी रांगतो, खातो, पण केसाला दादच देत नाही. त्या सहा पेशी त्याच्यात असतात, फक्त स्पर्शपेशीचे गुण त्यांच्यात उतरलेले नसतात.

होतं असं, की आधी युएनसी-86 हे प्रथिन मेक-3 जनुक सुरू करतं. मग ते आणि मेक-3पासून बनलेलं प्रथिन जोडीने डीएनएवर बसून पुढची जनुकं चालू करतात: पेशीच्या आवरणातल्या, दाब पडताच उघडणाऱ्या वाहिनीसाठी मेक-4, पेशीतल्या खास जाड सूक्ष्मनलिकांसाठी मेक-7. (नावं विचित्र वाटतील. ती जनुकाच्या कामावरून नाही, ते बिघडल्यावर काय होतं त्यावरून पडली आहेत.) हीच जोडी खुद्द मेक-3लाही चालू ठेवते, त्यामुळे पेशीची ओळख टिकते. 1994 साली मार्टिन चॅल्फी यांच्या गटाने मेक-7च्या नियंत्रक भागाला जेलीफिशचं हिरवं प्रथिन जोडलं, तेव्हा जिवंत कृमीत स्पर्शपेशी हिरव्या चमकल्या.

मला जास्त आवडते ती यातली अडवणूक. डोक्यातल्या एफएलपी चेतापेशींतही ही जोडी असते, तरी त्या हलक्या स्पर्शाच्या पेशी होत नाहीत, कारण ईजीएल-44 आणि ईजीएल-46 ही प्रथिनं स्पर्शपेशीची ती जनुकं दाबून ठेवतात. ही दोन बिघडवा, एफएलपी लगेच स्पर्शपेशीसारखी वागायला लागते.

दाबायला दर वेळी प्रथिनच लागतं असंही नाही. चव ओळखणाऱ्या एएसई पेशींच्या जोडीत डावी मुख्यतः सोडियम ओळखते, उजवी क्लोराइड. हा फरक पडतो तो डावीतल्या एलएसवाय-6 या मायक्रोआरएनएमुळे, म्हणजे स्वतः प्रथिन न बनवता जनुकांना आवर घालणाऱ्या आरएनएच्या चिमुकल्या तुकड्यामुळे. तो कॉग-1 जनुकाला गप्प करतो. तो नसेल तर डावीही उजवीसारखीच होते, आणि त्याची लांबी जेमतेम वीस-बावीस अक्षरं.