'बायस'ला पूर्वग्रह म्हणावे का?

मानसशास्त्रावरील मजकूर मराठीत आणताना 'बायस' (bias) या इंग्रजी शब्दासाठी 'पूर्वग्रह' लिहावे की 'पक्षपात', आणि 'समूहाचा दबाव' हा शब्दप्रयोग योग्य आहे का, असे प्रश्न आहेत.

'पूर्वग्रह'मधला 'ग्रह' हा 'ग्रह्', म्हणजे धरणे, या धातूपासून आला असून 'माझा असा ग्रह झाला' या वाक्यातही तो समजूत याच अर्थाने येतो. म्हणजे पूर्वग्रहासाठी मनात आधीपासून काही मत असावे लागते. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या एका प्रयोगात मात्र तसे काही नव्हते. आकड्यांचे एक चक्र फिरवले जाई, ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय आधीच केलेली असे, आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी किती टक्के देश आफ्रिकेतले आहेत, असे विचारले जाई. १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक २५ आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. हा फरक कोणाविषयीच्या अढीने पडला नाही, की कोणाची बाजू घेतल्यामुळेही नाही; समोर आलेल्या असंबद्ध आकड्याकडे अंदाज नुसता कलला. म्हणून मी येथे 'कल' लिहीन. 'कल' म्हणजे आवड असाही अर्थ होत असल्याने पहिल्या उल्लेखात 'विचारातील कल' लिहावे, एवढीच काळजी पुरे. एखाद्या समाजाविषयी आकस असेल, तेथे 'पूर्वग्रह' अगदी चपखल आहे.

'दबाव' म्हटले की दाबणारा कोणीतरी गृहीत धरला जातो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१ पासूनच्या प्रयोगांत गटाने मिळून समान लांबीची रेषा ओळखायची होती आणि बरोबर उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. तरीही ज्या फेऱ्यांत गटातील इतर सर्वांनी आधी ठरवून चुकीची रेषा सांगितली, त्या फेऱ्यांत ज्यांची परीक्षा होती त्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे इतरांसारखीच आली. कोणी धमकावले नव्हते, आग्रहही केला नव्हता. या अवस्थेला मराठीत 'भीड' हा नेमका शब्द आहे (हिंदीतली गर्दी या अर्थाची 'भीड' वेगळी), आणि 'भिडेखातर हो म्हटले' हे आपण रोज बोलतोच. मात्र ॲश यांच्या प्रयोगातील काहींना स्वतःच्या नजरेचीच शंका आली होती. त्यांना भिडस्त म्हणता येणार नाही, तेथे साधा 'प्रभाव' लिहावा.