रोज सकाळी उलटी होतेय, पित्तच असेल का?

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. गेला महिनाभर सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं म्हणतो, उलटी करतो आणि मग तासाभरात एकदम बरा, खेळायलाही जातो. पित्ताचं औषध झालं, जंताचं झालं, सासूबाईंनी दृष्टपण काढली. सगळे म्हणतात शाळेचा कंटाळा आहे पण हे रविवारी पण होतंच की. आता आठवडाभर मान तिरकी करून टीव्ही बघतो, चालताना भिंतीला हात लावतो. ब्रेन ट्यूमर तर नसेल ना? (एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर: ताई, रविवारचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. डोकं दुखणाऱ्या बहुतेक मुलांना ट्यूमर नसतो, पण सकाळची उलटी, तिरकी मान आणि गेलेला तोल हे सगळं एकत्र आलं की पित्त म्हणून थांबायचं नाही, आजच त्याला एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला न्या.

लहान मुलांमधल्या मेंदूच्या बऱ्याच गाठी (ट्यूमर) डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदूजवळ होतात आणि तिथे मेंदूतलं पाणी वाहायचा रस्ता अडला की आत दाब वाढतो. रात्रभर आडवं झोपल्यावर तो अजून वाढतो म्हणून त्रास सकाळी, आणि उठून बसलं की जरा उतरतो, म्हणून मूल दिवसभर ठीक दिसतं, आणि इथेच सगळे फसतात. मुलांमधले ब्रेन ट्यूमर लवकर ओळखले जावेत म्हणून ब्रिटनमध्ये २०११ मध्ये हेडस्मार्ट मोहीम सुरू झाली, तिने हेच सांगितलं की उलट्या २ आठवडे किंवा डोकेदुखी ४ आठवडे टिकली तर मेंदूचा विचार करा.

डॉक्टर त्याला सरळ रेषेत चालवून बघतील, डोळ्यात औषध घालून मागचा पडदा तपासतील, कारण डोक्यात दाब वाढला की तिथे सूज दिसू शकते. नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही हो, आणि पडदा नॉर्मल आला तरी एमआरआय टाळू नका. सीटी पटकन होतो, इमर्जन्सीत तोच करतात, पण मागच्या भागातली छोटी गाठ त्यात निसटू शकते. एमआरआयसाठी औषध देऊन झोपवतात, त्याला घाबरू नका, त्यात एक्सरेसारखे किरणही नसतात.

गाठ निघालीच तर ती कुठली हे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासल्यावरच पक्कं कळतं. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा (हळू वाढणारी गाठ) असेल आणि पूर्ण निघाला तर बहुतेकदा पुढे काहीच लागत नाही, मेड्युलोब्लास्टोमाला (वेगाने वाढणारी कॅन्सरची गाठ) मात्र मणक्याचाही एमआरआय आणि नंतर रेडिएशन, केमो लागतं. परळचं टाटा हॉस्पिटल आणि टाटाचंच खारघरचं केंद्र ॲक्ट्रेक इथे मुलांच्या अशा गाठींवर उपचार होतात. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला) विचारा.

मूल गुंगीत जायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा फिट आली तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा. आणि त्याच्या चालण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, ओपीडीत मुलं नेमकी नीट चालतात.