ऑर्थोच्या पोस्टिंगला जाताना

उद्यापासून ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या विभागात आहेस ना? मग सकाळच्या रिपोर्टिंगआधी वॉर्डमधले रात्रीचे एक्स-रे बघून ठेव. सरांनी विचारलं की फ्रॅक्चरवर उडी मारू नकोस. आधी व्ह्यू कुठले (समोरून की बाजूने), वरचा आणि खालचा सांधा फिल्ममध्ये आला आहे का, मग हाड, मग फ्रॅक्चरची रेषा. एवढ्या क्रमाने बोललंस तरी पुढचं पीजी (विभागातले सीनियर निवासी डॉक्टर) सांभाळून घेतात.

खरं शिक्षण प्लास्टर रूममध्ये आहे. तिथल्या मामांशी आदराने वाग, त्यांचे हात बघत राहा. हाताच्या स्लॅबला (एका बाजूनेच बसवायच्या प्लास्टरच्या पट्टीला) ८ ते १० थर, पायाला १२ ते १५. पाणी कोमटच घे. गरम पाण्यात प्लास्टर लवकर कडक होतं आणि चटकाही बसतो. बुडबुडे थांबले की बाहेर काढ. आकार तळहाताने द्यायचा, बोटांनी नाही. बोटाचा खळगा आत राहिला तर तिथेच कातडीला जखम होते. सुजेआधी अंगठी, बांगड्या उतरवायला सांग.

स्लॅबनंतर बोटं हलतात का, संवेदना आहे का, नखाचा रंग दाबल्यावर परततो का, हे बघून लिहून ठेव. रात्री नडगीच्या फ्रॅक्चरचा पेशंट इंजेक्शन देऊनही कळवळत असेल, पायाची बोटं आपण ताणली की ओरडत असेल, तर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नकोस. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो तेव्हा, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. पीजीला झोपेतून उठव, बिनधास्त.

आणि सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळी वापरायचं एक्स-रे मशीन) सुरू होण्याआधी लेड ॲप्रन, थायरॉईड शील्ड मागून घे. लाजू नकोस.