कॅनन १५००डी आहे, बजेट दहा हजार. पोर्ट्रेटसाठी कोणती लेन्स घेऊ?

तुमच्याकडे १५००डी आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स आहे, घरच्यांचे आणि मित्रांचे फोटो काढायचेत, आणि मित्र म्हणतोय की पोर्ट्रेट म्हणजे ८५ एमएमच. माझं मत विचाराल तर कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम (एसटीएम म्हणजे तिच्यातली फोकसची मोटर) घ्या. ८५ चं नंतर बघता येईल. तसंही ती तुमच्या बजेटच्या बरीच पुढे जाते.

पैशांपेक्षा मोठी अडचण जागेची आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चकती) मोठ्या, म्हणजे फुलफ्रेम सेन्सरपेक्षा १.६ पट लहान, त्यालाच १.६ क्रॉप म्हणतात. त्यावर ५० ची लेन्स फुलफ्रेमवरच्या ८० सारखी चौकट देते आणि ८५ ची जवळपास १३६ सारखी. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला ५० ने सव्वाचार मीटर मागे जावं लागतं, ८५ ने सात मीटरच्या पुढे. आपल्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत ८५ लावली की पाठ भिंतीला टेकते. ५० ने निदान दीड मीटरवरून डोकं-खांदे छान बसतात. या अंतरावरून चेहरा नैसर्गिक दिसतो. नाक मोठं येतं ते कॅमेरा फार जवळ नेल्यामुळे.

दुसरी गोष्ट उजेडाची. किट लेन्स ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र; एफपुढचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ वर त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. संध्याकाळी घरात किट लेन्स जिथे १/१५ सेकंद मागते, तिथे ही १/१२५ वर काम करते. माणूस जरा हलला तरी फोटो वाचतो. हिच्यात स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही, त्यामुळे शटर १/१२५ च्या खाली शक्यतो नेऊ नका, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेन्स हातात आल्यावर प्रत्येक फोटो एफ/१.८ वर काढायचा मोह होतो. दीड मीटरवरून एफ/१.८ वर जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. चेहरा थोडा तिरका असला की जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा पुसट. शिवाय नऊही फोकस पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा बहुतेक वेळा जे सगळ्यात जवळ असेल ते धरतो, म्हणजे नाकाचा शेंडा किंवा पुढे आलेली केसांची बट. एकच पॉइंट निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. सुरुवातीला एफ/२.८ वर काढा, मागचं तरीही छान धूसर होतं, फक्त माणसाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणा. आजी-आजोबांचे फोटो काढायचे असतील तर त्यांना दाराच्या जरा आत बसवा, तोंड उजेडाकडे, घरातले दिवे बंद. या उजेडात सुरकुत्यासुद्धा सुंदर दिसतात.

घेण्याआधी घरी एक करून बघा. किट लेन्सची झूम रिंग ५० वर ठेवून चिकटपट्टी लावा आणि दिवसभर तशीच वापरा. सारखं मागे सरकावं लागत असेल, किंवा तुमचे फोटो मुख्यतः चार-पाच जणांच्या घोळक्याचे असतील, तर ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ बघा. मात्र ती पोर्ट्रेटची लेन्स नाही.

जुनी घ्यायलाही हरकत नाही. २०१५ च्या एसटीएमचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) धातूचा आहे, तिच्या आधीच्या 'टू' मॉडेलचा प्लॅस्टिकचा. दोन्हींत एसटीएमच घ्या, तिचा फोकस शांत आणि जास्त भरवशाचा आहे. मुंबई-कोकणातली लेन्स असेल तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. फोकस करताना एसटीएमची पुढची नळी बाहेर येते, तिला धक्का बसला तर फोकस बिघडतो. म्हणून कॅमेरा बंद करण्याआधी फोकस रिंग फिरवून नळी आत घ्या. बंद केल्यावर रिंग फिरवून काही होत नाही.