मोठ्या बांधकामावर वारंवार लागणाऱ्या तपासण्यांचं वेळापत्रक कसं बसवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपुरात चार टॉवरचं काम सुरू आहे, तपासणीसाठी सोमवार आणि गुरुवार ठरवून दिलेत, तरी प्रत्येक स्लॅब तपासणीपायी अडतो. मग तपासण्या कमी कराव्यात का? मी इथेच मोठ्या साइटवर मालकाच्या बाजूने क्वालिटीचं काम बघतो. माझं म्हणणं, तपासण्या कमी करू नका, पण वार ठरवणं बंद करा. जे काम झाकलं जाणार आहे, त्याला तपासणी बांधा.

गिलाव्याचा ओळंबा चुकला तर तो महिन्याने पाहिला तरी दिसतो. पायाच्या खड्ड्याचा तळ, कॉलमचा लोहा (सळ्या), त्यावरच्या रिंगांमधलं अंतर, लॅपची (दोन सळ्या एकमेकींवर चढवतात त्या भागाची) लांबी, कव्हर ब्लॉक (सळ्या साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे), स्लॅबमधून जाणारे कंड्युट (वायरचे पाइप), टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग हे मात्र एकदा झाकलं की संपलं. या कामांना होल्ड पॉइंट म्हणा, म्हणजे सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असा टप्पा, आणि बार चार्टमध्ये (वेळापत्रकाच्या तक्त्यात) प्रत्येकाला स्वतःची ओळ द्या, दुरुस्तीच्या वेळेसकट. बहुतेक वेळापत्रकांत ‘लोहा बांधणे’ संपलं की लगेच ‘काँक्रीट’ सुरू होतं, मध्ये एक तासही नसतो. तुमचा स्लॅब तिथेच अडतो. तपासणीला वेळ लागणारच होता, फक्त तो कुणी कागदावर मांडला नव्हता.

आता थोडा हिशोब करू. एका मजल्याला कॉलमचा लोहा, कॉलमचं शटरिंग (साचा), स्लॅबचं सेंट्रिंग (साचा आणि टेकू), बीम-स्लॅबचा लोहा, इलेक्ट्रिक-प्लंबिंग आणि प्रत्यक्ष काँक्रीट अशा सहा तपासण्या धरा. मजल्याचं चक्र १२ दिवसांचं असेल, तर चार टॉवरच्या मिळून १२ दिवसांत २४ तपासण्या, म्हणजे रोजच्या दोन. एक चांगला इंजिनिअर एवढ्या आरामात करेल. पण चारही टॉवर एकाच ताला-सुरात चढत असतील, तर सगळ्यांचा लोहा एकाच वेळी तयार होतो आणि २४ पैकी बहुतेक तपासण्या तीन-चार दिवसांत येऊन पडतात. म्हणून टॉवर एकमेकांपासून तीन-तीन दिवस मागेपुढे ठेवा. मग दर तिसऱ्या दिवशी एकच स्लॅब पडेल. तपासणारा माणूस, काँक्रीट पंप आणि सेंट्रिंगची टोळी, तिघांनाही ते झेपतं. मला विचाराल तर या एका बदलाने तुमची अर्धी अडचण सुटेल.

तपासणी दिवसाच्या कोणत्या वेळी करायची, हे नागपुरात फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. भर दुपारी तापलेल्या लोह्यावर उभं राहून कुणीही रिंगा नीट मोजत नाही, कितीही प्रामाणिक असला तरी. काँक्रीटलाही ते ऊन मानवत नाही. हवेचं तापमान ४० अंशांच्या वर असताना केलेलं काँक्रीट आयएस ७८६१ या भारतीय मानकाप्रमाणे उष्ण हवामानातलं काम ठरतं आणि त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. म्हणून उन्हाळ्यात लोह्याची तपासणी सकाळी साडेसहा ते नऊ, दुपारपर्यंत दुरुस्ती, चार वाजता फक्त दुरुस्त केलेल्या जागांची पुन्हा पाहणी आणि त्यानंतर काँक्रीट. वस्तीतली साइट असेल तर ध्वनी नियमांतली रात्र १० वाजता सुरू होते, हे धरूनच स्लॅबचा आकार ठरवा. पंपातून तासाला २० ते २५ घनमीटर गेलं, तर १२० घनमीटरला पाच-सहा तास लागतात. त्याहून मोठा स्लॅब असेल तर कन्स्ट्रक्शन जॉइंट (काँक्रीट मध्येच थांबवायची जागा) कुठे द्यायचा ते स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून आधीच ठरवून घ्या आणि दोन भागांत टाका. आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटला आदल्या दिवशी कल्पना द्यावी, पण पक्की ऑर्डर पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट टाकायच्या परवानगीच्या कागदावर, सही झाल्यानंतरच. गेटवर काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर उभे असताना मागितलेल्या सहीला काही अर्थ नसतो. दोन तासांत माल ओतायचा असतो, आणि त्या घाईत माणूस डोळे मिटून सही करतो.

पावसाळ्यात खड्ड्याच्या तळाची तपासणी वेगळी धरा. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तळ पास झाला की त्याच दिवशी पीसीसी (तळावरचा साध्या काँक्रीटचा थर) व्हायलाच हवं. मध्ये पाऊस झाला तर जुनी सही बाद, वरची भिजलेली माती काढून पुन्हा पाहणी. हे करारातच लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक सरीनंतर ठेकेदाराशी वाद होतो.

क्यूबकडे, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायला भरलेल्या ठोकळ्यांकडे, लोक फक्त लॅबचं काम म्हणून बघतात, पण तेही वेळापत्रकात यायला हवं. आयएस ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक. म्हणजे १२० घनमीटरच्या स्लॅबला सहा नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, एकूण १८. दर तिसऱ्या दिवशी स्लॅब पडत असेल तर २८ दिवसांच्या चाचणीची वाट बघणारे दीडशेहून जास्त क्यूब एका वेळी पाण्याच्या टाकीत असतील, तेही फक्त स्लॅबचे. तेवढी टाकी आहे का तुमच्याकडे? शिवाय १२ दिवसांच्या चक्रात २८ दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत त्या स्लॅबवर आणखी दोन स्लॅब चढलेले असतात. म्हणून सात दिवसांचे क्यूब वेगळे भरून घ्या आणि तो निकाल पाहिल्याशिवाय वरच्या स्लॅबच्या पोअर कार्डवर सही करू नका. निकाल कमी आला तर निदान एकाच मजल्याचा प्रश्न उरतो.

टेकू काढणं हीसुद्धा तपासणीच आहे आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाते. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू १४ दिवस, सहा मीटरपेक्षा मोठ्या बीमखालचे २१ दिवस ठेवायचे असतात. १२ दिवसांच्या चक्रात याचा अर्थ दोन मजल्यांचे टेकू एकाच वेळी उभे. तेवढं सामान ठेकेदाराकडे नसेल तर तो खालचं काढून वर लावणार, त्याला रोखायला चार्टमध्ये तारीख हवी. हे दिवस साध्या ओपीसी (राख न मिसळलेल्या) सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तर, असे आहेत. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र सहज १०-१२ अंशांवर येते, आणि कोराडी-खापरखेड्याची राख जवळ असल्याने आपल्याकडे फ्लाय ॲशचं (राख मिसळलेलं) सिमेंट सर्रास वापरतात. तेव्हा हिवाळ्यात टेकू काढण्याआधी क्यूबचा निकाल बघा, दिवस मोजून भागत नाही. तराईची (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवण्याची) पाहणी मात्र बारा महिने रोज, आणि उन्हाळ्यात दुपारी दोनला. सकाळी पाणी मारल्यावर सगळेच स्लॅब ओले दिसतात.

सही कोणाची, हा वादाचा विषय. ठेकेदाराच्या पगारावरचा माणूस आधी तपासून सही करेल आणि २४ तास आधी लेखी कळवेल. त्यानंतर मालकाच्या बाजूचा इंजिनिअर बघेल. तो वेळेत आला नाही तर? गिलावा, टाइल्स असल्या कामात पुढे जायला हरकत नाही. होल्ड पॉइंटवर मात्र काम थांबलंच पाहिजे, आणि म्हणूनच प्रत्येक तपासणाऱ्याला नावानिशी पर्यायी माणूस नेमलेला असावा. कन्सल्टंट मुंबई-पुण्याचा असेल तर त्याला प्रत्येक मजल्याला बोलावू नका. पाया, जोता, ट्रान्सफर स्लॅब (वरच्या कॉलमचा भार दुसऱ्या जागच्या कॉलमवर नेणारा) आणि पहिला टिपिकल (पुढे तसाच होत जाणारा) मजला एवढ्याच्या तारखा महिनाभर आधी घ्या.

महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्यांच्या हद्दीत असाल त्यांची जोता तपासणी आणि भोगवटा, अग्निशमन विभाग, लिफ्टसाठी विद्युत निरीक्षक, यांच्या तारखा आपल्या हातात नसतात. त्यांना भरपूर मोकळा वेळ ठेवा आणि अर्ज आधीच तयार ठेवा.

दर शनिवारी पुढच्या तीन आठवड्यांचा तक्ता ठेकेदारासोबत बसून करा. त्यात माणसांचंही बघा. जुलैत भाताची रोवणी लागली की भंडारा, गोंदिया, बालाघाटकडची माणसं गावी जातात, होळी-दिवाळीला छत्तीसगडची. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी मारबतीला स्लॅब ठेवूच नका. टोळी नवी आली की पहिले दोन मजले तपासणीला दुप्पट वेळ धरा. आणि प्रत्येक तपासणीचा फोटो ग्रिड क्रमांक आणि तारखेसह जपा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी विकासकावर असते, तेव्हा हेच फोटो त्याला विचारले जातील.

हे सगळं मी बीम-कॉलमच्या नेहमीच्या कामाला धरून लिहिलं. तुमच्याकडे ॲल्युमिनियम फॉर्मवर्क (साचा) असेल तर भिंती आणि स्लॅब एकत्रच भरले जातात, चक्र सात-आठ दिवसांवर येतं आणि भिंतीतला लोहा-कंड्युट पॅनेल बंद व्हायच्या आधीच बघावा लागतो. तसं असेल तर मजल्याचा नकाशा आणि गाळ्यांची मापं टाका, त्याप्रमाणे चक्र मांडून देतो.