वाचकांचे प्रश्न : कोळसा खाण आणि तिच्यानंतरची जमीन

प्रश्न : वणी तालुक्यातील आमच्या गावालगत खुली कोळसा खाण प्रस्तावित असून लवकरच जनसुनावणी होणार आहे. खाण संपल्यावर जमीन पूर्ववत केली जाईल, एवढेच खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाच्या मराठी सारांशात लिहिले आहे. हे शक्य आहे का? सुनावणीत आम्ही काय विचारावे?

उत्तर : संपूर्ण जमीन पूर्वीसारखी होत नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. काही भाग पुन्हा लागवडीखाली येऊ शकतो. मात्र तो येईल की नाही, हे खाण बंद होताना नव्हे, तर खोदकामाचा क्रम आखतानाच ठरते. म्हणून आपले प्रश्न त्या क्रमाविषयी असावेत.

वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरावर काळी माती, चिकणमाती, मुरूम आणि वालुकाश्म असतो. हे सारे उकरून काढावे लागते, आणि फोडलेला दगड फुगत असल्याने तो मूळ जागेत पूर्ण मावत नाही. सुरुवातीला खड्ड्यात टाकायला जागाच नसते, त्यामुळे पहिली काही वर्षे ही माती बाहेर, म्हणजे बहुधा शेतजमिनीवरच, रचली जाते. एका बाजूचा कोळसा तळापर्यंत काढून झाला की पुढची माती मागच्या रिकाम्या भागात भरता येते. हे भरणे कोणत्या वर्षी सुरू होणार, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ते लांबले की बाहेरचे ढिगारे वाढत जातात, आणि एकदा रचलेला डोंगर पुन्हा उचलून खड्ड्यात टाकण्याचा खर्च इतका मोठा असतो की तो सहसा तिथेच राहतो. शेवटच्या टप्प्यातला खड्डा तर सहसा भरला जात नाही, त्यात पाणी साठते. त्याचे क्षेत्र आणि खोली किती असेल, हे नकाशासह मागावे.

काळ्या मातीविषयी मी विशेष आग्रहाने लिहीत आहे. ती वेगळी काढून कमी उंचीच्या ढिगांत ठेवली, त्यावर गवत किंवा शेंगवर्गीय पीक घेतले आणि शक्य तितक्या लवकर सपाट केलेल्या भागावर पसरली, तरच तिच्यातला जिवंतपणा टिकतो. दगडाखाली गाडली गेलेली माती कोणत्याही निधीतून परत मिळत नाही. शिवाय काळ्या मातीवरच उंच ढिगारा रचला तर पावसाळ्यात ती भिजून मऊ होते आणि पायथ्यापासून ढिगारा सरकू लागतो. नदी-नाला जवळ असेल तर पूररेषा दाखवणारा नकाशा अवश्य मागा; चंद्रपूर परिसरात इरई आणि वर्धा नद्यांच्या काठांवरील ढिगाऱ्यांमुळे पुराच्या पाण्याला कसा अडथळा होतो, ते आपल्या भागातील लोक पाहतच आहेत.

ढिगाऱ्यांवर झाडे लावणे म्हणजे शेतजमीन परत करणे नव्हे. शिवाय अशा झाडीचा धोकाही असतो: चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर भागात खाणीलगतच्या दाट झुडपांत वाघ-बिबट्यांचा वावर वाढून लोकांच्या जिवावर बेतले आहे.

जमीन १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली संपादित होणार असेल, तर ती सुधारल्यानंतरही मूळ मालकाला परत देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. पूर्ववत झालेली जमीन कोणाच्या ताब्यात राहील, हे लेखी विचारा. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सुनावणीआधीही लेखी म्हणणे देता येते. ते द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : कंपनीने काम अर्धवट सोडले, तर पैसा कुठून येईल?

उत्तर : कोळसा मंत्रालयाच्या २००९च्या सूचनांपासून खाण बंद करण्याचा आराखडा बंधनकारक असून त्यासाठी कंपनीला दरवर्षी एस्क्रो खात्यात (ठरलेल्या अटी पूर्ण झाल्यावरच पैसे काढता येणाऱ्या राखीव बँक खात्यात) रक्कम भरावी लागते. खुल्या खाणीसाठी तेव्हा हेक्टरी ६ लाख रुपये हा या रकमेच्या हिशेबाचा आधार होता, २०२०मध्ये तो ९ लाख झाला. झालेल्या कामाच्या प्रमाणात यातली रक्कम कंपनीला मधल्या टप्प्यांत परत मिळते, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या पाहणीचा अहवाल ग्रामपंचायतीने मागवून घ्यावा आणि तो शिवारातल्या प्रत्यक्ष स्थितीशी पडताळून पाहावा.